जपानी पोलीस, आपली सायकल आणि ते कार्ड : तुमचे अनुभव लिहा

घाटावरचा_सायकलस्वार

काल रात्री पुन्हा अडवलं. या वर्षातली पाचवी वेळ.

तोक्योच्या पूर्वेला राहतो, नऊ वर्षं झाली. स्टेशन ते घर सायकलवर आठ मिनिटं. कोपऱ्यावर दोघे उभे होते. इथे पोलिसाला 'ओमावारी-सान' म्हणतात, म्हणजे फेऱ्या मारणारे साहेब. एकाने हात वर केला, कमरेत वाकून 'सुमिमासेन' (माफ करा) म्हणाला आणि मग नेहमीचंच. सायकल तुमचीच का? स्टिकरवरचा नंबर बघू का? झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, आहे का? तो वायरलेसवर नंबर सांगणार, पलीकडून उत्तर येईपर्यंत तीन-चार मिनिटं आपण दिव्याखाली उभे, शेजारच्या इमारतीतल्या आजी कुत्रं घेऊन जाताना बघणार. सगळं जुळलं की सहकार्याबद्दल आभार, पुन्हा कमरेत वाकणं. इतक्या अदबीनं मला माझ्या लग्नातही कोणी वागवलं नव्हतं. तरी घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

आता दुसरी बाजू. फेब्रुवारीत बायकोचं पाकीट ट्रेनमध्ये राहिलं. रोख ४३ हजार येन, कार्डं, आणि सासूबाईंनी दिलेला अंगारा. चार दिवसांनी निरोप आला, वस्तू ईदाबाशीला पोलिसांच्या हरवलेल्या सामानाच्या केंद्रात आहे. जाऊन आणलं. एक येन कमी नव्हता. अंगाऱ्याची पुडी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून दिली होती. ज्याने पाकीट आणून दिलं त्याला कायद्याने बक्षीस मागता येतं, त्याने तेही नको म्हणून लिहून दिलं होतं.

हे दोन्ही एकाच खात्याचे लोक. म्हणून धागा काढलाय. जे इथे राहतात किंवा राहून गेलेत त्यांनी स्वतःचं लिहा. यूट्यूबवर बघितलेलं नको.

तळ्यात_मळ्यात

पहिला प्रतिसाद माझा. कार्ड दाखवायला काय जातं? आपल्याकडे नाकाबंदीला लायसन्स दाखवतोच की. तिथे तर वर चहापाणीही द्यावं लागतं.

घाटावरचा_सायकलस्वार

नाकाबंदीला सगळ्यांना थांबवतात हो. काल माझ्यापुढून त्याच रस्त्याने सहा सायकली गेल्या. मी मोजल्या, तेवढा वेळ होता.

बंदरावरचे_आजोबा

मी १९९४ साली योकोहामाला आलो, जहाजाच्या इंजिनांच्या कामावर. तेव्हा झाइर्यू कार्ड नव्हतं, 'गाइकोकुजिन तोरोकुशो' होतं, परदेशी माणसाची नोंदणी. त्यासाठी पालिकेच्या कचेरीत डाव्या तर्जनीचा ठसा द्यावा लागे. कायम वास्तव्यवाल्यांचा ठसा त्याआधी वर्षभर बंद झाला होता, बाकीच्यांचा २००० साली सुटला. मग २००७ पासून विमानतळावर पुन्हा बोटं टेकवायला लागलो. सध्याचं कार्ड जुलै २०१२ चं.

तळ्यात_मळ्यात यांच्यासाठी थोडं कायद्याचं. इथे दोन वेगळे कायदे एकमेकांत गुंतलेत, म्हणून गोंधळ होतो. रस्त्यात थांबवून विचारपूस करण्याला 'शोकुमु शित्सुमोन' म्हणतात. त्याचा आधार १९४८ चा पोलिसांच्या कर्तव्यांचा कायदा, कलम दोन. संशयाला काही वाजवी कारण असेल तर थांबवून विचारता येतं, पण उत्तर द्यायची किंवा ठाण्यावर जायची सक्ती करता येत नाही. सगळं ऐच्छिक. पिशवी उघडणंसुद्धा. जपानी माणूस 'नको' म्हणून चालू लागू शकतो. (चालू लागला तर ते शेजारून चालत येतात, हा भाग निराळा.)

दुसरा कायदा इमिग्रेशनचा. १६ वर्षांवरच्या परदेशी रहिवाशाने कार्ड सतत जवळ बाळगायचं आणि पोलिसाने कामाचा भाग म्हणून मागितलं तर दाखवायचं. जवळ नसेल तर २ लाख येनपर्यंत दंड. असून दाखवायला नकार दिला तर एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. पर्यटकाला हाच नियम पासपोर्टचा, दंड १ लाखापर्यंत. तेव्हा प्रश्न ऐच्छिक आणि कार्ड सक्तीचं, असं ते त्रांगडं आहे. आपण मात्र त्यांना ओळखपत्र दाखवा म्हणू शकतो, विचारल्यावर दाखवणं त्यांना भाग आहे. मी तीस वर्षांत दोनदाच विचारलं. दोन्ही वेळा दाखवलं, आणि दोन्ही वेळा नंतर माझी पिशवी जरा जास्तच बारकाईने पाहिली.

चिंचेचं_बोटूक

आजोबा, दंडवत. वाचनखूण साठवली.

माझा पहिला अनुभव हसण्यासारखा आहे. लग्न होऊन आले त्याला तीन आठवडे झालेले, नवरा कामावर. दुपारी बेल वाजली. कॅमेऱ्यात बघते तर गणवेशातला पोलीस! मला 'हाय' (हो) आणि 'अरिगातो' (आभार) एवढंच येत होतं. दाराला साखळी लावून फटीतून बघितलं. त्याने एक कार्ड पुढे केलं आणि भरा म्हणून खुणा केल्या: घरात कोण कोण, नोकरी कुठे, अडीअडचणीला कोणाला फोन करायचा. मला वाटलं नवऱ्याला काहीतरी झालं, किंवा त्याने काहीतरी केलं! मी रडायलाच लागले. तो बिचारा इतका घाबरला की खिशातून पिपो-कुनचं स्टिकर काढून मला दिलं. (पिपो-कुन म्हणजे तोक्यो पोलिसांचं ते पिवळं कानवालं बाहुलं.)

नंतर कळलं, याला 'जुन्काई रेनराकु' म्हणतात. कोबानचा, म्हणजे गल्लीतल्या चौकीचा पोलीस आपल्या हद्दीत घरोघर जाऊन तोंडओळख करून घेतो. भूकंप झाला, म्हातारं माणूस पडलं, तर माहिती हाताशी असावी म्हणून. कार्ड भरणं सक्तीचं नाही. मी भरलं. स्टिकर अजून फ्रिजवर आहे.

पेठेतला_पाहुणा

माझा किस्सा फ्रिजवर लावण्यासारखा नाही.

भाषा शाळेत होतो, ओसाकाच्या बाजूला. इमारतीच्या मागे कचऱ्याजवळ एक सायकल चार महिने पडून. गंजलेली, सीट फाटलेलं. मी आणि रूममेटने पंक्चर काढलं, तेल घातलं, आणि मी क्लासला जायला लागलो. अकराव्या दिवशी अडवलं. इथे प्रत्येक सायकलची 'बोहान तोरोकु' म्हणजे चोरीविरोधी नोंदणी असते, पाच-सहाशे येन भरून दुकानदारच स्टिकर लावतो. त्या स्टिकरचा मालक तिसराच कोणीतरी निघाला, आणि सायकल दोन वर्षांपूर्वी चोरीला गेल्याची तक्रार होती.

मी म्हणालो टाकलेली होती. तो म्हणाला, टाकलेली असली तरी तुमची नाही. दुसऱ्याची हरवलेली किंवा सोडलेली वस्तू परस्पर वापरणं हा इथे स्वतंत्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पुण्यात मी ती सायकल दुरुस्त केली म्हणून कौतुक झालं असतं राव!

गाडीत बसवून ठाण्यावर. दहा बोटांचे ठसे, समोरून-बाजूने फोटो. मग परत त्या कचऱ्याजवळ नेलं आणि सायकल जिथे होती त्या जागेकडे बोट दाखवून उभं राहायला लावलं, फोटोसाठी. सायकलकडे बोट दाखवून एक, कुलूप नव्हतं तिकडे बोट दाखवून एक. सहा तास. कोणी ओरडलं नाही, हात लावला नाही, मधे गार चहाही दिला. फक्त तेच पाच प्रश्न सहा तास, वेगवेगळ्या क्रमाने. शेवटी किरकोळ गुन्हा म्हणून ठाण्यातूनच मिटवलं, शाळेतून सेन्सेई न्यायला आल्या. त्यांनी माझ्या वतीने जे वाकून माफी मागितली ना, ते सहा तासांपेक्षा जड गेलं.

नवीन येणाऱ्या मुलांनो, मित्राची जुनी सायकल घेतलीत तरी नोंदणी स्वतःच्या नावावर करून घ्या. आधी ते, मग सिमकार्ड.

तर्कटराव

म्हणजे इतके परदेशी पडीक सायकली वापरतात, म्हणून पोलीस परदेशी सायकलस्वाराला थांबवतात. हिशेब सरळ आहे. त्यात वंशभेद कुठून आला?

पेठेतला_पाहुणा

तर्कटराव, ती सायकल मुळात चोरणारा कोण होता ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुम्हाला बरं ठाऊक.

घाटावरचा_सायकलस्वार

'कुठून आला' म्हणता तर सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये तोक्योतल्या अमेरिकन वकिलातीने आपल्या नागरिकांना जाहीर इशारा दिला होता, की परदेशी दिसणाऱ्यांना अडवून झडती घेतल्याच्या तक्रारी येताहेत. तोक्योच्या वकील संघटनेने परदेशी मुळं असलेल्या दोन हजारांवर लोकांना विचारलं, त्यात मागच्या पाच वर्षांत पोलिसांनी थांबवलेले ६२.९ टक्के निघाले, तो अहवाल २०२२ चा. आणि जानेवारी २०२४ मध्ये तिघांनी थेट तोक्यो जिल्हा न्यायालयात सरकारवर दावा लावला. त्यातला एक पाकिस्तानात जन्मलेला, पण आता जपानी नागरिक. त्याच्याकडे झाइर्यू कार्ड नसतंच, जपानी माणसाकडे कुठून असणार? तरी ते मागतात, कारण चेहरा.

माझ्या मुलीचा जन्म इथला. ती सोळाची झाली की तीही रोज कार्ड घेऊन फिरणार. तिच्या बाकावरची मैत्रीण फिरणार नाही.

तर्कटराव

वकील संघटनेने कोणाला विचारलं, उत्तर कोणी दिलं, हे बघावं लागेल. ज्याला थांबवलंय तोच असा फॉर्म भरतो. पण मुलीचा मुद्दा मान्य.

दुभाषी_दीडशहाणी

मी हिंदी-जपानी दुभाषाचं काम करते, पोलिसांकडेही आणि वकिलांकडेही. कुठलंच प्रकरण सांगणार नाही, पण रीत सांगते. रस्त्यावरची चार मिनिटं डोक्यात जातात हे खरं, पण खरं जपान कळतं ते अटक झाल्यावर, आणि त्याची माहिती आपल्या लोकांना शून्य असते.

अटकेनंतर पोलिसांकडे ४८ तास. मग सरकारी वकिलाकडे २४. त्याने मागितलं आणि न्यायाधीशाने मान्य केलं की १० दिवस, पुन्हा आणखी १०. बेरीज २३ दिवस, अजून आरोपपत्रही नाही. या टप्प्यावर जामीन हा प्रकारच नसतो, तो आरोपपत्रानंतर. आणि एका आरोपाचे २३ दिवस संपले की दुसऱ्या आरोपाखाली पुन्हा अटक करून घड्याळ शून्यावर नेता येतं. बहुतेक वेळा हे सगळं तुरुंगात नाही, त्याच पोलीस ठाण्याच्या कोठडीत. चौकशीच्या खोलीत वकील बसू देत नाहीत. चौकशीचं पूर्ण चित्रीकरण २०१९ पासून बंधनकारक आहे, पण ते मोजक्या गंभीर प्रकारच्या खटल्यांतच. पेठेतल्या पाहुण्याच्या सायकलीला कॅमेरा नाही.

आणि जबानी! तुम्ही बोलता, ती पोलीस लिहितो, पण 'मी' म्हणून लिहितो. 'मी त्या दिवशी अमुक वाजता मनात असा विचार केला की...' वगैरे, सगळं त्याच्या जपानीत. मग मी ते तोंडी हिंदीत सांगते आणि तुम्ही खाली सही करून तर्जनीचा ठसा देता. 'विचार केला' आणि 'विचार आला' यात कोर्टात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. चुकीचं वाटलं तर दुरुस्त करा म्हणायचा हक्क आहे, सही नाकारायचाही आहे, गप्प बसायचाही आहे. आपली माणसं काय करतात? 'सर बोले तो ठीक ही होगा' म्हणून अंगठा देतात. घरी लवकर जायला मिळेल या आशेवर.

लक्षात ठेवायचे शब्द दोनच. एक 'तोबान बेंगोशी', म्हणजे त्या दिवशी पाळीवर असलेला वकील. ठाण्यात हे दोन शब्द उच्चारले की वकील संघटनेचा वकील भेटायला येतो, पहिली भेट फुकट. तो काचेपलीकडून एकटा बोलू शकतो, पोलीस शेजारी नसतो. दुसरा 'ताइशिकान', वकिलात. वकिलातीला कळवा असं सांगायचा हक्क व्हिएन्ना करारात आहे. घरच्यांना मात्र पंधरा-वीस मिनिटंच भेटता येतं, शेजारी पोलीस बसतो आणि त्याला समजेल अशा भाषेतच बोलावं लागतं. मराठीत बोललात तर थांबवतात. काही वेळा भेटच बंद असते. नवरा आत आणि बायको बाहेर, मधे मी, 'जेवलास का'चं जपानी करत बसलेली.

चिंचेचं_बोटूक

बाई गं. 'जेवलास का' वाचून पोटात कालवलं.

बंदरावरचे_आजोबा

ताईंनी लिहिलं त्यावरून गोविंद मैनाली आठवला. नेपाळी माणूस, शिबुयाजवळ राहायचा, एका रेस्टॉरंटात नोकरीला. १९९७ मध्ये एका जपानी बाईच्या खुनात पकडलं, पण आधी पकडलं ते व्हिसा संपला म्हणून. २००० साली खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलं. सोडलं म्हणजे कागदावर. सरकारी वकिलांनी अपील केलं, त्याला कोठडीतच ठेवलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात वरच्या कोर्टाने जन्मठेप दिली. पुढे डीएनए चाचणीत दुसऱ्याच कोणाचे अंश निघाले. २०१२ च्या जूनमध्ये सुटला, नोव्हेंबरात निर्दोष ठरला. पंधरा वर्षं. त्या काळात आम्ही चार-पाच भारतीय एका खोलीत राहायचो, आमच्यातला एक जण व्हिसावर अधिक दिवस राहिलेला होता. तो कोबानसमोरून कधीच जायचा नाही, पलीकडच्या गल्लीतून वळसा घालायचा. आम्ही त्याची टिंगल करायचो. मैनालीची बातमी आल्यावर बंद केली.

चिंचेचं_बोटूक

आणि विष्मा सन्दामाली? ती श्रीलंकेची मुलगी. २०२० च्या ऑगस्टमध्ये स्वतःहून पोलिसांकडे गेली, सोबत राहणारा पुरुष मारहाण करतो म्हणून. व्हिसा संपलेला, म्हणून तिलाच अटक. मार्च २०२१ मध्ये नागोयाच्या इमिग्रेशन कोठडीत मेली, ३३ वर्षांची. मृत्यू पोलिसांकडे झाला नाही हे मला माहीत आहे, तर्कटरावांनी दुरुस्ती करू नये. पण दार तिने पोलिसांचं ठोठावलं होतं.

मी स्वतः एकदा ट्रेनमधल्या एका माणसाची तक्रार केली, 'चिकान' म्हणतात तो गर्दीत बायकांच्या अंगाला हात लावायचा घाणेरडा प्रकार. त्यात पोलिसांबद्दल मला चांगलंच सांगायचंय. स्त्री पोलीस आली, फोनवर दुभाषी जोडून दिला, एकदाही 'एवढ्या उशिरा कशाला फिरता' विचारलं नाही. पण मीही बाहुलीवर हात ठेवून कसं-कुठे दाखवत बसले, चार तास. माझा व्हिसा चोख होता. नसता तर मी गेले असते का? नसते गेले. (तोक्यो पोलिसांचं 'डिजी पोलीस' ॲप उतरवून घ्या मुलींनो. ओरडायला आवाज फुटला नाही तर स्क्रीनवर जपानीत 'हा छळतोय, मदत करा' असं मोठ्या अक्षरात येतं, ते शेजारच्याला दाखवायचं.)

तर्कटराव

दुरुस्ती करत नाही.

लुगड्याची_घडी

एवढं गंभीर चाललंय, मधेच माझं घुसडू का? मे महिन्यात सासऱ्यांना आणलं होतं, वय ७४, कराडजवळचे. कमरेला पानाची चंची चोवीस तास. मी विमानतळाच्या आधीच म्हणाले होते मामंजी ती काढा, तर म्हणाले, 'चंची काढून मी देवळातही जात नाही.'

तिसऱ्या दिवशी पहाटे फिरायला गेले आणि चुकले. सगळ्या इमारती सारख्या! पण गडी हुशार, लाल दिवा दिसला तसे कोबानमध्ये शिरले. पोलिसांनी बसवलं, पाणी दिलं, पासपोर्ट मागितला. पासपोर्ट घरी. मग सभ्यपणे चंचीकडे बोट केलं. मामंजींनी हौसेनं टेबलावर मांडली: पानं, सुपारी, कात, एका पुडीत काळपट पत्ती, डबीत पांढरा लगदा, आणि अडकित्ता.

माझा नंबर त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर होता. मी पोचले तेव्हा तिघे पोलीस डबीभोवती, एकाच्या हातात पट्टी, अडकित्त्याचं पातं मोजतोय. इथे सहा सेंटीमीटरवरचं पातं कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, आणि त्याहून छोटं लपवून बाळगलं तरी दुसरा कायदा आहेच. मी थरथरत सांगतेय की हा चुना आहे, चुन्याला जपानीत 'सेक्काई' म्हणतात हे फोनमध्ये शोधतेय, तेवढ्यात मामंजींनी काय करावं? शांतपणे पान घेतलं, चुना लावला, सुपारी कातरली, विडा केला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. मग दुसरा करून मोठ्या साहेबांपुढे धरला.

साहेबांनी घेतला नाही. पण वास घेतला, आणि 'नारुहोदो' म्हणाले. म्हणजे 'अस्सं होय!' अडकित्ता घरीच ठेवायचा, पासपोर्ट सोबत ठेवायचा, एवढं लिहून घेतलं आणि एक जण आमच्या दारापर्यंत सोडायला आला. वाटेत मामंजींना थुंकायचं होतं. ती पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब.

पेठेतला_पाहुणा

मामंजींना साष्टांग नमस्कार! माझ्या सहा तासांत कोणी 'नारुहोदो' म्हटलं असतं तर...

दुभाषी_दीडशहाणी

हसले, पण जोडून एक. आईवडलांना आणताना औषधंही बघा. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त आहे त्या आणता येत नाहीत, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. झोपेच्या, दुखण्याच्या काही गोळ्यांना आधी परवानगी लागते. २०१५ मध्ये एका बड्या मोटार कंपनीच्या अमेरिकन अधिकारी बाईंना वेदनाशामक गोळ्या टपालाने मागवल्या म्हणून अटक झाली होती, वीस दिवस आत होत्या, शेवटी आरोपपत्रच ठेवलं नाही. चुन्याला 'नारुहोदो' म्हणतील, गोळीला म्हणणार नाहीत.

तळ्यात_मळ्यात

मी पहिल्या प्रतिसादात 'काय जातं' लिहिलं होतं. राहू दे तसंच, संपादित करत नाही. पण दुभाषी ताईंचे दोन शब्द भाच्याला पाठवले, तो सप्टेंबरात फुकुओकाला चाललाय.

घाटावरचा_सायकलस्वार

सहावी वेळ. आज, आत्ता, वीस मिनिटांपूर्वी.

तोच कोपरा, माणसं वेगळी. एक पोरगेलासा, एक पन्नाशीचा. आजोबांचं वाचून धीर आला होता म्हणून विचारलं, 'निन्इ देसु का?' ऐच्छिक आहे का? पोरगा थोरल्याकडे बघायला लागला. थोरला म्हणाला, 'हाय, निन्इ देसु.' हो, ऐच्छिकच आहे. आणि गप्प उभा राहिला. मीही गप्प. ना तो बाजूला झाला, ना मी पेडल मारलं. असे आम्ही तिघे किती वेळ उभे होतो देव जाणे. आजी आल्या, कुत्रं घेऊन गेल्या.

मग पाऊस सुरू झाला. मी कार्ड काढून दिलं, सायकल तपासून झाली, आभार झाले, वाकून झालं. सीटवर बसलो आणि सवयीनं छत्री उघडली.

'सुमिमासेन,' मागून थोरला म्हणाला, 'सायकलवर छत्री चालत नाही.'

चालतच घरी आलो. सायकल हातात, छत्री डोक्यावर.